मैदानावरची लेकरं आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला युवक आणि क्रीडा या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले. खेळाने शरीर बळकट होते, शिस्त लागते, व्यसन दूर राहते. हे सगळे खरे आहे आणि दरवर्षी कोणी ना कोणी ते बोलतोच. आम्ही पेपर मिलमध्ये काम करणारा माणूस. शाळा फार झाली नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या खोलीत शिकलो. म्हणून आज आम्ही जे सहसा बोलले जात नाही ते बोलणार आहोत. खेळायला गेलेलं आपलं लेकरू तिथे सुरक्षित आहे का, एवढाच आमचा प्रश्न आहे. विषय अवघड आहे. आयाबहिणी बसल्या आहेत, लेकरं बसली आहेत. तरी बोलणार. खरं म्हणजे ती बसली आहेत म्हणूनच बोलणार.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. आम्ही खेळाच्या विरोधात नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांनी खेळात काय करून दाखवले ते सगळ्यांना माहीत आहे. मे २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या आदिवासी मुलामुलींनी एव्हरेस्ट सर केले. ज्यांच्या घरी धड बूट नव्हते ती लेकरं जगाच्या माथ्यावर उभी राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, देशभरातली पोरं आपल्या मातीत धावली. हिवाळा आला की गडचिरोलीच्या गावागावांत दिवे लावून रात्रभर कबड्डीचे सामने होतात. पहाटे पाच वाजता कुठल्याही रस्त्यावर जा, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरंपोरी दिसतील. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीत खेळाचे सवलतीचे गुण आहेत. ज्याच्या बापाला शेत नाही, दुकान नाही, ओळख नाही, त्याच्या पोरासाठी मैदान ही भाकरीची वाट आहे. ही वाट बंद व्हावी असे आम्ही कसे म्हणू? ती वाट सुरक्षित असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता आपल्या जंगल भागातला माणूस कशाला भितो ते बघा. आपण वाघाला भितो, आणि बरोबर भितो. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला, सरपणाला कोणी एकटं जात नाही. चार बाया मिळून जातात, आवाज देत राहतात, एक वेचते तर दुसरी नजर ठेवते. हा नियम कोणी कागदावर लिहिलेला नाही, पण लहान पोरालाही तो पाठ आहे. वाघासाठी आपल्याकडे रीत आहे. मात्र ट्रॅकसूट घालून शिट्टी वाजवणाऱ्या माणसाच्या हाती आपण लेकरू देतो तेव्हा आपल्याकडे कोणती रीत आहे? काहीच नाही. "सर चांगले आहेत", एवढ्यावर आपलं काम भागतं.

बहुतेक सर चांगलेच असतात, हेही आम्ही सांगतो. स्वतःच्या खिशातून पोरांना केळी-अंडी खाऊ घालणारे, मोटारसायकल विकून टीमला स्पर्धेला नेणारे सर आपण पाहिले आहेत. त्यांना आमचा मानाचा जय भीम. पण ज्याच्या मनात खोट आहे तोही चांगलाच दिसतो. किंबहुना तो जास्त चांगला दिसतो, कारण त्याला आधी मायबापाचा विश्वास जिंकायचा असतो. तो पोराला बूट घेऊन देईल, घरी येऊन चहा पिईल, बापाला दादा म्हणेल. चेहऱ्यावरून माणूस ओळखू येत असता तर कोर्ट-कचेऱ्या लागल्याच नसत्या.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारून तो केला होता. त्यात ५३ टक्के मुलांनी सांगितले की कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ आपल्या वाट्याला आला. त्यात मुलगे निम्म्याहून थोडे अधिकच होते. म्हणून "आमचा तर पोट्टा आहे, त्याला काय होते?" असे कोणी म्हणू नये. छळ करणारे निम्मे लोक ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. आणि बहुतेक लेकरांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. आम्ही त्याच्याकडे परत येणार आहोत.

खेळाच्या मैदानावर हा धोका काहून वाढतो? त्याची कारणं साधी आहेत. शाळेत वर्गाला खिडक्या असतात, शेजारी दुसरा वर्ग असतो, मुख्याध्यापक फेरी मारतात. मैदानावर पहाटे पाचला आणि रात्री आठला कोण असते? खेळात अंगाला हात लावावा लागतो, तो शिकवण्यासाठी लावला की दुसऱ्या हेतूने, हे लहान लेकराला कळत नाही. दुखापत झाली की मालिश होते. स्पर्धेला गेले की परगावी मुक्काम होतो, तो कधी शाळेच्या वर्गात, कधी मंगल कार्यालयात. आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे सरांच्या हातातला कागद. टीममध्ये कोणाला घ्यायचे, प्रवेशिकेवर कोणाचे नाव टाकायचे, प्रमाणपत्र कोणाला द्यायचे, हे एकच माणूस ठरवतो. त्या प्रमाणपत्रावर पुढे गुण आहेत, नोकरी आहे. गरिबाच्या लेकराला हे पक्के ठाऊक असते. सरांविरुद्ध तोंड उघडले तर टीममधून नाव जाईल, आणि बापाने कर्ज काढून घेतलेले बूट घरी पडून राहतील. म्हणून ते गप्प बसते.

गडचिरोलीच्या आत गेलो तर आणखी अडचण. भामरागडकडचं माडिया लेकरू आश्रमशाळेत राहते. मायबाप दूर गावात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. त्याला मराठी पुरती येत नाही. त्याने कोणाला सांगावे आणि कोणत्या भाषेत सांगावे? बंधूंनो, आपली वस्ती आणि त्यांचा पाडा यांत अंतर असेल, पण दुःख एका जातीचे आहे. ज्याचा आवाज कोणी ऐकत नाही, त्याच्यावरच हात टाकला जातो.

आता एक घडलेले प्रकरण सांगतो. हरियाणात पंचकुला येथे १९९० साली रुचिका गिरहोत्रा नावाची चौदा वर्षांची मुलगी टेनिस खेळायला जात होती. राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष मोठा पोलीस अधिकारी होता. १२ ऑगस्ट १९९० ला ती आणि तिची मैत्रीण त्याच्या कार्यालयात गेल्या. त्याने मैत्रिणीला प्रशिक्षकाला बोलवायच्या निमित्ताने बाहेर पाठवले आणि रुचिकाचा विनयभंग केला. मैत्रीण परत आली तेव्हा तिने पाहिले. पुढे काय झाले? तक्रार झाली, आणि त्रास मुलीलाच सुरू झाला. शाळेने तिला काढून टाकले. तिच्या भावावर चोरीचे गुन्हे लावले गेले. डिसेंबर १९९३ मध्ये त्या मुलीने विष घेतले आणि ती गेली. मैत्रीण आणि तिचे आईवडील मात्र मागे हटले नाहीत, वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. २००९ मध्ये, एकोणीस वर्षांनी, तो अधिकारी दोषी ठरला. शिक्षा सहा महिने. २०१० मध्ये ती दीड वर्ष झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून, जेवढी भोगली तेवढी पुरे, असे ठरवले.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. त्याने आधी काय केले ते बघा. दुसऱ्या मुलीला बाहेर पाठवले. अत्याचाराला एकांत लागतो, आणि तो एकांत कुठल्या तरी निमित्ताने तयार केला जातो. दुसरी गोष्ट, खटला उभा राहिला तो त्या मैत्रिणीमुळे. एक साक्षीदार आणि तिला साथ देणारे मायबाप. बाकी सगळे मोठे लोक गप्प होते.

हे हरियाणातले झाले, आपल्याकडे असे होत नाही, असे कोणी म्हणेल. तर मग आपल्या राजुऱ्याचे ऐका. ते क्रीडा मंडळ नव्हते, खाजगी निवासी शाळेचे वसतिगृह होते. पण गोष्ट तीच, घरापासून दूर ठेवलेली लेकरं आणि त्यांच्यावर सत्ता असलेली माणसं. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या आदिवासी मुली आजारी पडल्या, दवाखान्यात नेल्या, आणि प्रकरण बाहेर आले. वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरावरही गुन्हा दाखल झाला, तो असा की, माहिती असून त्यांनी पोलिसांना कळवले नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या डॉक्टरावरचा गुन्हा रद्द केला. पण २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. डॉक्टर दोषी की निर्दोष, हे खटल्यात ठरण्याची गोष्ट आहे, त्यावर आम्ही बोलत नाही. पण न्यायालयाने जे सांगितले ते सगळ्या देशाला लागू आहे. लेकरावर अत्याचार झाल्याचे कळूनही न कळवणे हा साधा गुन्हा नाही, गंभीर गुन्हा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या प्रकरणावरून हा निकाल झाला, आणि आपल्याच वस्तीत तो किती जणांना माहीत आहे?

म्हणून कायदा थोडा समजून घेऊ. पोक्सो हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण त्यात बालक आहे, मुलगी असो की मुलगा. ज्याला असा गुन्हा झाल्याचे माहीत आहे, किंवा होण्याची भीती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. नाही कळवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि संस्थेचा प्रमुख असून आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मंडळाच्या अध्यक्षांनो, सचिवांनो, हे तुमच्यासाठी आहे. हार घालून घेताना जो अध्यक्ष असतो, तोच तिथेही अध्यक्ष असतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. आणि लेकराने चुकीचे काही सांगितले तरी त्याला शिक्षा नाही.

लेकराच्या बाजूनेही कायद्यात पुष्कळ आहे. जबाब लेकराच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश घालून नाही. लेकराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. भाषा कळत नसेल तर दुभाष्या द्यायचा, म्हणजे माडिया-गोंडी बोलणाऱ्या लेकरालाही आपल्या भाषेत सांगता येते. नाव-गाव छापता येत नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचे असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट वकील मिळतो. हे सगळे आपोआप होते असे आम्ही म्हणत नाही. आपण मागितले तर होते. मागायला आधी माहीत पाहिजे.

पण कायदा गुन्हा झाल्यावर येतो. आम्हाला तो होण्याआधीचे बोलायचे आहे.

आम्ही मिलमध्ये काम करतो. दोन रोलांच्या मधून कागद जातो तिथे हात ओढला जाऊ नये म्हणून जाळी लावलेली असते. मशीन दुरुस्तीला घेतली की स्विच बंद करून कुलूप लावतात, पाटी लावतात. वीस वर्षांचा अनुभवी कामगार असला तरी जाळी काढत नाहीत. तो म्हणत नाही की, माझ्यावर तुमचा विश्वास नाही का? कारण जाळी अविश्वासाची नसते, जीव वाचवायची असते. मैदानावरही अशी जाळी पाहिजे. चांगल्या सरांना तिचा त्रास होणार नाही, उलट त्यांच्यावर कोणी खोटा आळ घेऊ शकणार नाही. आणि जो म्हणेल की मला असले नियम चालत नाहीत, त्याच्याकडे नीट बघायला सुरुवात करा.

विहारात बोलतो आहोत म्हणून विनयातली एक गोष्ट आठवते. श्रावस्तीची विशाखा उपासिका. उदायी नावाचा भिक्खू एका तरुण मुलीसोबत आडोशाच्या जागी एकटा बसलेला तिने पाहिला. ती म्हणाली, भन्ते, हे योग्य नाही. तुमच्या मनात काही नसेल, पण लोकांचा विश्वास उडेल. त्याने ऐकले नाही. तेव्हा विशाखा गप्प बसली नाही, तिने ती गोष्ट भिक्खूंना सांगितली, आणि ती भगवान बुद्धांपर्यंत गेली. त्यावर नियम झाला. त्या नियमात विश्वासू उपासिकेच्या शब्दाला प्रमाण मानले आहे. आणखी एक नियम आहे. राहुलला प्रव्रज्या दिली तेव्हा शुद्धोदनाला दुःख झाले, आणि त्याच्या विनंतीवरून बुद्धांनी ठरवले की आईबापाच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही. बघा, संघात चांगली माणसे आहेत म्हणून नियमाची गरज नाही, असे तथागतांनी म्हटले नाही. मग आपल्या कबड्डी मंडळाला नियम कमीपणाचे का वाटावेत?

आता नियम सांगतो. हे आम्ही चार ठिकाणचे वाचून, विचारून आणि आपल्या वस्तीकडे बघून मांडले आहेत. खर्च एका रुपयाचा नाही.

पहिला, कोणताही मोठा माणूस एका लेकरासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. बोलायचे असेल तर दार उघडे, नाहीतर मैदानाच्या कडेला सगळ्यांना दिसेल असे. मालिश, पट्टी बांधणे, वजन घेणे, हे दुसऱ्या कोणाच्या देखत. शिकवताना हात लावायचा असेल तर आधी सांगून.

दुसरा, मुलींच्या सरावाला आणि प्रवासाला एक बाई सोबत असलीच पाहिजे. महिला मंडळाने पाळी लावावी. बाई मिळाली नाही तर टीम जाणार नाही. मुक्कामाला मुलींची खोली वेगळी, आणि किल्ली बाईजवळ. निघण्याआधी कोण जाते, कोणत्या गाडीने, कुठे थांबणार, परत कधी, हे लिहून मायबापाची सही.

तिसरा, सरांचा फोनवरचा निरोप पालकांच्या गटावर येईल, लेकराला एकट्याला नाही. रात्री दहाला मुलीला "झोपलीस का?" असा निरोप पाठवण्याचे खेळात काही काम नाही. कपडे बदलण्याच्या जागी मोबाईल बंद.

चौथा, निवड आणि प्रमाणपत्र एका माणसाच्या हाती राहणार नाही. तिघांची समिती असावी, त्यात एक पालक. निवड कशावर केली ते फळ्यावर लावायचे. आम्ही आधी सांगितले की सत्ता त्या कागदात आहे. कागद उघडा झाला की निम्मी भीती जाते.

पाचवा, नवीन प्रशिक्षक ठेवताना आधीच्या ठिकाणी जाऊन विचारायचे, तो तिथून का निघाला ते. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागायचा. आपल्या समाजाचा आहे, आपल्या पक्षाचा आहे, आपल्या साळ्याचा मित्र आहे, ही चौकशी होत नाही.

सहावा, मारणे नाही, आईबहिणीवरून किंवा जातीवरून शिव्या नाहीत, उन्हात उभे करणे नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या उन्हात शिक्षा म्हणून धावायला लावणे म्हणजे जीव घेणे आहे. "मार खाल्ल्याशिवाय खेळाडू होत नाही", हे खोटे आहे. मार खाणारे लेकरू हे शिकते की आपल्या अंगावर दुसऱ्याचा हक्क आहे. उद्या कोणी वाईट हात लावला तरी ते गप्प बसते, कारण त्याला आपण तेच शिकवलेले असते.

सातवा, मैदानावर एक पाटी. तिच्यावर दोन माणसांची नावे आणि फोन, एक बाई आणि एक मंडळाबाहेरचा माणूस, ज्यांना लेकरू काहीही सांगू शकेल. खाली १०९८ हा बालकांसाठीचा नंबर आणि ११२ हा पोलिसांचा. दोन्ही फुकट लागतात.

शाळांमध्ये २०२२ पासून सखी सावित्री समित्या करण्याचा शासन निर्णय आहे, तक्रारपेट्या आहेत. २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, त्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित खेळाच्या धोरणाची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. पण ते कायदे मोठ्या संघटनांसाठी. आपल्या वस्तीतल्या, नोंदणीही न झालेल्या व्यायामशाळेपर्यंत दिल्लीचा माणूस येणार नाही. तिथे आपणच पाहिजे.

आता लेकराने येऊन काही सांगितले तर काय करायचे? मायबहिणींनो, हे नीट ऐका. आधी त्याचे ऐकून घ्या. ओरडू नका, "तू तिथे गेलीसच काहून?" असे म्हणू नका. त्या एका वाक्याने लेकराचे तोंड कायमचे बंद होते. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही", एवढे म्हणा. पुन्हा पुन्हा, दहा नातेवाइकांपुढे सांगायला लावू नका. कपडे धुऊ नका, अंघोळ घालू नका, दवाखान्यात न्या. उपचार नाकारता येत नाही आणि पैसेही घेता येत नाहीत. मग पोलीस. एकटे जाऊ नका, विहारातली चार माणसे घेऊन जा. त्या माणसाला जाब विचारायला धावू नका, तो सावध होतो, पुरावा घालवतो. आणि मारायलाही धावू नका, आपण कायदा मानणारे लोक आहोत.

लेकरू तोंडाने सांगेलच असेही नाही. जे पोरगं पहाटे आपणहून उठत होते ते एकदम ग्राउंडवर जायचे नाही म्हणते, कोणा एकाचे नाव निघाले की गप्प होते, झोपेत दचकते, नवीन वस्तू कुठून आली ते सांगत नाही. तेव्हा आळशी झाला म्हणून थप्पड मारण्याआधी शेजारी बसून विचारा.

आता शेवटी जी गोष्ट सगळ्यात कठीण आहे ती. असे काही झाले की वस्तीत बैठक बसते. कोणी म्हणते मुलीचे लग्न व्हायचे आहे. कोणी म्हणते समाजाची बदनामी होईल, आधीच लोक आपल्याला नावे ठेवतात. कोणी म्हणते माणूस आपलाच आहे, चळवळीत होता, माफी मागतो म्हणतो, काही पैसे घेऊन मिटवू. आम्ही अशा बैठकांना बसलेलो आहोत आणि हे शब्द ऐकलेले आहेत. आमचे उत्तर असे. पहिले म्हणजे हा गुन्हा मिटवता येत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुलीच्या बापाने समझोता केला होता, ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा समझोत्याने खटला रद्द होत नाही. दुसरे म्हणजे जो एकदा सुटला तो थांबत नाही. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या मुलींचा डॉक्टर लॅरी नासर, त्याच्याविषयी १९९७ मध्येच मुलींनी सांगितले होते. मोठ्यांनी ऐकले नाही. २०१६ मध्ये वर्तमानपत्राने छापले, २०१८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक मुली-बाया कोर्टात बोलल्या. मधल्या वर्षांचा हिशेब कोणी द्यायचा?

आणि तिसरे. ज्यांनी आपल्याला शतकानुशतके गप्प बसवले त्यांच्याविरुद्ध आपण बोललो. गावाची बदनामी होईल, असे तेव्हा तेही म्हणत होते. आता आपल्याच वस्तीतल्या लहान लेकराला आपण त्याच शब्दांत गप्प बसवायचे? समाजाची इभ्रत लेकराच्या अंगावर उभी राहत नाही. ज्या वस्तीत लेकरू बिनधास्त बोलू शकते, तिची इभ्रत मोठी.

एक इशारा मात्र देतो. आजचे भाषण ऐकून उद्या कोणी पोरीला घरी बसवू नये. ते सोपे आहे, पण त्यात गुन्हेगार मोकळा राहतो आणि शिक्षा पोरीला होते. तिची पोलीस भरती जाते, तिची धाव जाते. पोरगी मैदानावर जाईल. तिच्या मागे आपण जाऊ.

म्हणून आमची समितीला विनंती आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर मंडळाचे पदाधिकारी, सर लोक, पालक आणि महिला मंडळ यांची बैठक विहारातच घ्यावी. हे सात नियम वाचावेत, जे पटत नाहीत ते बदलावेत, जे पटतात त्यावर सगळ्यांनी सही करावी. पाटी रंगवायचा खर्च आम्ही देऊ. आणि सतरंजीवर बसलेल्या लेकरांनो, एवढे मोठे भाषण विसरलात तरी चालेल, एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणी मोठा माणूस म्हणाला की ही गोष्ट आईला सांगू नको, तर तीच गोष्ट आईला आधी सांगायची. आम्ही ऐकू.